‘दूध मानवत नाही’ : अर्भकांच्या अन्नविकारांची ओळख आणि तिच्या संज्ञांचा इतिहास

१

लॅटिन भाषेत तान्ह्या मुलास ‘इन्फन्स’ म्हणतात. त्याचा व्युत्पत्त्यर्थ ‘न बोलणारा’ असा आहे. बालरोगांच्या निदानातील मूळ अडचण या एका शब्दात आली आहे. मोठा माणूस कोठे दुखते, केव्हापासून दुखते आणि काय खाल्ल्यावर दुखते हे सांगू शकतो. अर्भक रडते, दूध टाकते, त्याच्या अंगावर गांधी उठतात, किंवा महिनोन्महिने त्याचे वजन वाढत नाही. त्याचे सांगणे काय ते एवढेच. या चिन्हांस शब्द देण्याचे काम दुसऱ्या कोणास तरी करावे लागते आणि बहुधा ते आई करते. वैद्यापुढे रोगाच्या आधी आईचे शब्द येतात.

अन्नामुळे अर्भकांस होणारे विकार केव्हा व कसे ओळखले गेले, हा इतिहास प्रस्तुत लेखात मुख्यतः संज्ञांच्या अंगाने पाहावयाचा आहे. लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक आहे, वैद्यकाचा नव्हे. म्हणून उपचारांचा विचार येथे प्रसंगोपात्तच येईल. प्रतिपाद्य असे की, या क्षेत्रात ज्ञानाचे प्रत्येक मोठे पाऊल पडले ते एका ढिल्या शब्दाच्या जागी दोन नेमके शब्द आले तेव्हा. आणि शब्द पुन्हा ढिला झाला त्या त्या वेळी त्याचा भुर्दंड मुलांस पडला.

२

मराठीत या विषयाचा शब्दसंग्रह जुना आहे. ‘त्याला दूध मानवत नाही’, ‘त्याला केळे सोसत नाही’, ‘त्याला काकडी बाधली’, ‘त्याला माशांचे वावडे आहे’ हे चार प्रयोग घ्यावेत. चारही ठिकाणी माणूस चतुर्थीत आहे. पहिल्या तीन प्रयोगांत अन्न हा कर्ता आहे, तर चौथ्यात ‘वावडे’ हे नाम आले आहे. म्हणजे भाषा येथे खाण्याची क्रिया सांगत नसून अन्न आणि माणूस यांच्यामधला संबंध सांगते. त्यातही छटा आहेत. ‘बाधणे’ बहुधा एका प्रसंगी घडलेल्या अपायाविषयी बोलते. ‘मानवणे’ व ‘सोसणे’ अनुभवाने ठरलेली गोष्ट सांगतात. ‘वावडे’ कायमची स्थिती दर्शविते. मात्र ‘त्याला कष्टाचे वावडे आहे’ असेही आपण म्हणतो. म्हणजे हा शब्द अपायापासून नावडीपर्यंत सरकला आहे.

शास्त्रीय परंपरेतही हीच दृष्टी आढळते. आयुर्वेदातील ‘सात्म्य’ ही संकल्पना, म्हणजे जे ज्याच्या देहाशी जुळते ते, व्यक्तीला धरून आहे. चरकसंहितेत अभ्यासाने सात्म्य झालेल्या गोष्टीस ‘ओकसात्म्य’ असे वेगळे नाव दिले आहे. अंगावर पिणाऱ्या मुलाच्या दुखण्याचा संबंध आईच्या आहाराशी जोडण्याची कल्पनाही त्याच परंपरेतील असून, चरकाने आठ क्षीरदोष गणले आहेत. न बोलणाऱ्या रोग्याचा प्रश्न तर काश्यपसंहितेने स्वतंत्रपणे हाताळला आहे. बालरोगांवरील हा ग्रंथ नेपाळात मिळालेल्या खंडित हस्तलिखितावरून १९३८ साली मुंबईत छापला गेला. त्याच्या सूत्रस्थानातील वेदनाध्यायात, बोलता न येणाऱ्या बालकाची वेदना कशी जाणावी या प्रश्नाचे उत्तर चिन्हांनी दिले आहे. कान दुखत असल्यास मूल हातांनी कानास स्पर्श करते, अशा प्रकारची ती निरीक्षणे आहेत.

ग्रीक परंपरेतही हे दिसते. हिपॉक्रेटिसच्या नावावर असलेल्या ‘प्राचीन वैद्यक’ या प्रबंधात चीजचे उदाहरण आले आहे. काही माणसे ते पोटभर खाऊन धष्टपुष्ट होतात, तर काहींस त्याने त्रास होतो. तेव्हा दोष केवळ चीजमध्ये नाही, काही देहांतच त्याच्याशी वैर करणारे काही असले पाहिजे, असा तेथील युक्तिवाद आहे.

या सर्व परंपरांनी ‘कोणास’ आणि ‘कशाने’ हे दोन प्रश्न विचारले. ‘कोणत्या मार्गाने’ हा तिसरा प्रश्न मात्र त्यांच्या शब्दांत सामावत नव्हता. ‘दूध मानवत नाही’ हे वाक्य खरे असते. पण एकमेकांशी संबंध नसलेल्या निदान तीन विकारांविषयी ते सारखेच खरे असते. पुढील इतिहास त्यांच्या विभागणीचा आहे.

३

या तिसऱ्या प्रश्नाकडे पहिला मार्ग अनपेक्षित दिशेने उघडला. मोनॅकोचा राजा पहिला आल्बेर याच्या नौकेवरील सफरीत सागरी प्राण्यांच्या विषाचा अभ्यास सुरू केलेले शार्ल रिशे व पॉल पोर्तिये हे फ्रेंच शास्त्रज्ञ, परतल्यावर समुद्रपुष्पाचे विष कुत्र्यांना टोचून प्रयोग करीत होते. थोड्या विषाने कुत्र्यांत प्रतिकार निर्माण व्हावा, अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात पहिली मात्रा सहन केलेला कुत्रा काही आठवड्यांनंतर दिलेल्या अल्प मात्रेने काही मिनिटांत मरण पावला. संरक्षण अपेक्षित असता त्याच्या उलट घडले, म्हणून १९०२ साली त्यांनी ‘प्रोफिलॅक्सिस’च्या विरुद्धार्थी ‘ॲनाफिलॅक्सिस’ हा शब्द बनविला. या कार्यासाठी रिशे यांस १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

याच सुमारास व्हिएन्नातील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के व बेला शिक यांच्यापुढे घोड्याच्या रक्तद्रवाचे औषध टोचलेली मुले होती. त्यांपैकी कित्येकांना काही दिवसांनी ताप येई, अंगावर गांधी उठत, सांधे सुजत. आणि तेच औषध पुन्हा दिल्यास ही लक्षणे फार लवकर उमटत. १९०५ साली त्यांनी या ‘रक्तद्रवरोगा’वर ग्रंथ लिहिला. पुढच्या वर्षी, १९०६ मध्ये, पिर्के यांनी एका छोट्या लेखात ग्रीक ‘आल्लोस’ (अन्य) आणि ‘एर्गोन’ (कार्य) यांपासून ‘ॲलर्जी’ हा शब्द सुचविला. पहिल्या संपर्कामुळे देहाची प्रतिक्रिया बदलते, एवढेच त्यांना म्हणावयाचे होते. तो बदल हिताचा असो वा अहिताचा. संरक्षण आणि अपाय ही एकाच यंत्रणेची दोन रूपे आहेत, हा विचार या शब्दाच्या मुळाशी होता. त्याचा आजचा अर्थ त्या मानाने फार संकुचित, आणि दुसऱ्या अंगाने फार विस्तृत आहे.

अन्नाचा प्रश्न लगेच या संज्ञेच्या कक्षेत आला. १९०५ च्या सुमारास जर्मन बालरोगतज्ज्ञांनी गाईच्या दुधाने अर्भकांत उद्भवलेल्या तीव्र प्रतिक्रियांची वर्णने प्रसिद्ध केली होती. १९१२ साली न्यूयॉर्कच्या ऑस्कर श्लॉस यांनी अंडे, बदाम व ओट यांनी त्रास होणाऱ्या आठ वर्षांच्या मुलाची हकीकत लिहिली. त्यांनी त्वचेवर बारीक ओरखडा काढून त्यावर त्या त्या अन्नाचा अंश लावला. जे अन्न बाधत होते त्याच्याच जागी गांध उठली. ही घटना महत्त्वाची आहे, कारण त्वचेच्या रूपाने न बोलणाऱ्या मुलासही उत्तर देण्याचे साधन मिळाले.

१९२१ मध्ये ब्रेस्लाऊ येथे कार्ल प्राउस्नित्स यांनी आपले सहकारी हाइन्त्स क्युस्टनर यांचा रक्तद्रव स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला. क्युस्टनर यांना शिजवलेले मासे बाधत. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशांचा अर्क टोचला असता, मासे निर्धास्त खाणाऱ्या प्राउस्नित्स यांच्या अंगावर गांध उठली. म्हणजे वावड्याचे कारण रक्तातून एका देहातून दुसऱ्या देहात नेता येते. तो घटक हाती येण्यास आणखी पंचेचाळीस वर्षे लागली. अमेरिकेत किमिशिगे व तेरुको इशिझाका या दांपत्याने आणि स्वीडनमध्ये योहानसन व बेनिख यांनी १९६६-६७ मध्ये तो स्वतंत्रपणे शोधला. १९६८ मध्ये त्याचे ‘आयजीई’ हे नाव मुक्रर झाले.

४

शब्द रुळत असतानाच ढिला होऊ लागला. १९२३ साली आर्थर कोका व रॉबर्ट कुक यांना वंशपरंपरेने येणाऱ्या अतिसंवेदनशीलतेसाठी निराळे नाव हवे होते. त्यांनी कोलंबिया विद्यापीठातील ग्रीक भाषेचे अध्यापक एडवर्ड पेरी यांचा सल्ला घेतला आणि ‘विलक्षणपणा’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ‘ॲटोपी’ ही संज्ञा घडली. इसब, दमा आणि अन्नाचे वावडे एकाच घराण्यात का दिसतात, या प्रश्नाला तिने एक चौकट दिली.

याच काळात अमेरिकेत आल्बर्ट रो यांनी संशयित अन्ने आहारातून काढून टाकण्याची व क्रमाने पुन्हा देण्याची पद्धत रूढ केली. पद्धत उपयुक्त होती. परंतु पुन्हा देण्याचा दुसरा भाग वगळून केवळ काढून टाकण्याचा पहिला भाग पाळण्याची प्रवृत्ती सर्वत्र दिसते, आणि वाढत्या मुलाच्या ताटातून एकेक अन्न नाहीसे होत जाते. या प्रवृत्तीस आळा घालणारी कसोटी १९७६ साली चार्ल्स मे यांच्या कार्यातून पुढे आली. संशयित अन्न आणि निरुपद्रवी पदार्थ ओळखू न येतील अशा रूपात द्यावयाचे, कोणते कोणते आहे हे रोग्यास वा डॉक्टरास माहीत असू द्यावयाचे नाही, आणि मग परिणाम पाहावयाचा. या कसोटीत पूर्वी संशयित ठरलेली कित्येक अन्ने निर्दोष निघतात, हा अनुभव तेव्हापासून वारंवार आला आहे.

५

दुसरी विभागणी गव्हाच्या संदर्भात झाली. लंडनचे सॅम्युएल जी यांनी १८८८ साली एक ते पाच वर्षांच्या मुलांत आढळणाऱ्या एका दीर्घ विकाराचे वर्णन केले : फिकट, पुष्कळ व दुर्गंधी शौच, सुटलेले पोट, वाळलेले अंग, खुंटलेली वाढ. दुसऱ्या शतकातील आरेटाइऑस या ग्रीक वैद्याने वापरलेला, ‘पोटाचा’ या अर्थाचा शब्द त्यांनी घेतला; त्यावरूनच ‘सीलिॲक’ ही संज्ञा रूढ झाली. मूल बरे झालेच तर आहारानेच होईल, असे जी यांचे मत होते. त्यांनी पिष्टमय पदार्थ कमी करविले, तांदूळ व साबुदाणा वर्ज्य ठरविला. पण पातळ कापून दोन्ही बाजूंनी भाजलेल्या पावास मात्र परवानगी दिली. रोज भरपूर हॉलंडचे शिंपले खाऊ घातलेले एक मूल उत्तम सुधारले आणि शिंपल्यांचा हंगाम संपताच पुन्हा खालावले, अशी नोंदही त्यांनी केली आहे. ज्या पदार्थाने विकार होतो तोच पदार्थ निर्दोष मानला गेला, कारण सारे पिष्टमय अन्न एकाच नावाखाली गोळा झाले होते.

१९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या सिडनी हास यांनी पाव व धान्ये वर्ज्य करून केळ्यांचा आहार सुरू केला. मुले सुधारली, परंतु श्रेय केळ्यांस मिळाले. त्यामुळे काय द्यावे हे कळले, काय देऊ नये हे कळले नाही. आणि बरे झाल्याचे समजून पुन्हा पावावर आणलेली मुले पुन्हा आजारी पडत.

ही गाठ हॉलंडमध्ये सुटली. हेग येथील विलेम कारेल डिके हे १९३० नंतरच्या दशकापासूनच गहू वर्ज्य करून पाहत होते. १९४४-४५ च्या हिवाळ्यातील दुष्काळात पाव दुर्मीळ झाला आणि सर्वत्र उपासमार असताना हा विकार असलेली मुले मात्र सुधारल्याचे दिसले. १९५० साली डिके यांनी उट्रेख्ट विद्यापीठास आपला प्रबंध सादर केला. त्यानंतर व्हेयर्स व फान दे कामेर यांच्यासह, मुलांच्या शौचातील स्निग्धांश मोजून त्यांनी दाखवून दिले की, दोष गव्हाच्या पिष्टात नसून त्यातील चिकट प्रथिनात, ‘ग्लूटेन’मध्ये, आहे. ग्लूटेन म्हणजे लॅटिनमध्ये सरस. कणकेला चिवटपणा येतो तो याच द्रव्यामुळे. तांदूळ व साबुदाणा यांच्यावरील आरोप त्या दिवशी संपला.

पुढे हा विकार ॲलर्जीहून निराळा असल्याचे स्पष्ट झाले. यात ग्लूटेनच्या निमित्ताने देह स्वतःच्याच आतड्यावर उलटतो. त्या हल्ल्याचे मुख्य लक्ष्य असलेले द्रव्य १९९७ मध्ये ओळखले गेले. त्याची चिन्हे मिनिटांत दिसत नाहीत. उष्टावण भाताच्या पेजेने झालेल्या मुलाच्या आहारात गहू येऊन काही आठवडे वा महिने लोटल्यावर ती हळूहळू प्रकट होतात, आणि म्हणूनच आईच्या मनात गव्हाचा संशय सहसा येत नाही.

६

तिसरी विभागणी दुधाच्या आतच झाली. १९५९ साली मँचेस्टर येथील होल्झेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी, दुधातील शर्करा न पचल्यामुळे कुपोषित झालेल्या अर्भकांचे वर्णन केले. त्यांच्या आतड्यात लॅक्टेज हे ती शर्करा फोडणारे पाचकद्रव्य नव्हते. न फुटलेली शर्करा मोठ्या आतड्यात आंबते. पोट फुगते, फेसाळ, पाण्यासारखे, आंबूस वासाचे जुलाब होतात व बसण्याची जागा लाल होते. येथे देहाच्या प्रतिकारयंत्रणेचा संबंध नाही. उणीव आहे ती एका पाचकद्रव्याची. ‘असहिष्णुता’ हा शब्द अशा विकारास लावला जातो.

जन्मतःच ही उणीव असणे अत्यंत विरळ आहे. अर्भकांत सामान्यतः आढळते ती जुलाबाच्या साथीनंतर आतडे सोलवटल्याने आलेली तात्पुरती उणीव. ती काही आठवड्यांत भरून येते. प्रौढपणी दूध न पचणे आपल्याकडे पुष्कळ आढळते. पण ते लॅक्टेजचे प्रमाण बालपण सरत असता घटल्याने होते. तान्ह्या मुलाचे दूध बंद करण्यास ते कारण होऊ शकत नाही.

दुधातील प्रथिनांमुळे होणारा विकार याहून सर्वथा निराळा, आणि त्याचेही दोन प्रकार आहेत. आयजीईच्या द्वारा होणाऱ्या प्रकारात बहुधा काही मिनिटांत ते दोन तासांत गांधी उठतात, ओठ व पापण्या सुजतात, उलटी होते, श्वासास घरघर लागते. दुसऱ्या प्रकारात त्वचेची व रक्ताची चाचणी काहीच सांगत नाही. काही तासांनी जोराच्या उलट्या होतात, किंवा काही दिवसांत शौचातून आव व रक्त पडू लागते. हा प्रकार १९७० नंतरच्या दशकात जेराल्डिन पॉवेल यांच्या लेखनाने नीट वेगळा झाला. तोवर अशा मुलांस जंतुसंसर्ग झाला आहे असे समजले जाई.

हे भेद केवळ पंडिती नाहीत. प्रथिनांची ॲलर्जी असलेल्या मुलास ‘दूध पचत नाही’ म्हणून लॅक्टोजविरहित दूध दिले, तर प्रथिने तीच राहतात आणि धोका कायम राहतो. शेळीच्या दुधातील प्रथिने गाईच्या दुधातील प्रथिनांशी इतकी मिळतीजुळती आहेत की, तो पर्यायही सहसा उपयोगी पडत नाही. उलट, आईने दूधदुभते सोडल्याने अंगावरच्या दुधातील शर्करा कमी होत नाही, कारण ती शर्करा स्तनातच तयार होते. मात्र आईच्या आहारातील गाईच्या दुधाची प्रथिने अल्पांशाने तिच्या दुधात उतरतात. म्हणजे क्षीरदोषाच्या जुन्या कल्पनेत एका विकारापुरता तथ्यांश आहे, आणि दुसऱ्या विकारात बाळंतिणीचे तेच पथ्य तिची विनाकारण उपासमार करते.

७

आता ढिल्या शब्दाचा अलीकडील भुर्दंड पाहू. मुलांत ॲलर्जी वाढत असल्याच्या चिंतेने, २००० साली अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सल्ला दिला की, कुळात ॲलर्जी असलेल्या मुलांस अंडे दोन वर्षांपर्यंत आणि भुईमूग, कवचफळे व मासे तीन वर्षांपर्यंत देऊ नयेत. सल्ल्यामागे ‘अन्नाशी संपर्क म्हणजे धोका’ हा समज होता. पुरावा नसल्याचे मान्य करून तो २००८ मध्ये मागे घेण्यात आला. त्याच वर्षी लंडनमधील ज्यू मुलांत भुईमुगाची ॲलर्जी इस्राएलमधील ज्यू मुलांच्या सुमारे दसपट असल्याचे दिसून आले. आणि इस्राएलमध्ये तर भुईमुगाचा खाऊ पहिल्या वर्षातच सर्रास दिला जातो.

२०१५ साली गिडियन लॅक व सहकाऱ्यांनी ६४० अर्भकांवरील प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ही मुले ४ ते ११ महिन्यांची असून त्यांना तीव्र इसब, अंड्याची ॲलर्जी वा दोन्ही होती. ज्यांची भुईमुगाची त्वचाचाचणी आरंभी नकारात्मक होती त्यांच्यात, भुईमूग टाळणाऱ्यांपैकी १३.७ टक्के आणि नियमित खाणाऱ्यांपैकी १.९ टक्के मुलांस पाचव्या वर्षी त्याची ॲलर्जी आढळली. पहिला संपर्क प्रतिक्रिया बदलतो आणि तो बदल हिताचाही असू शकतो, हा पिर्के यांच्या संज्ञेचा मूळ आशय शंभर वर्षांनी पुन्हा प्रत्ययास आला. अर्थात अर्भकास अख्खे दाणे देणे घशात अडकण्याच्या भीतीने वर्ज्यच आहे, आणि तीव्र इसब असलेल्या मुलास आरंभ डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावयाचा असतो.

संज्ञांची शिस्त लावण्याचे प्रयत्नही झाले. २००१ मध्ये युरोपीय आणि २००३ मध्ये जागतिक ॲलर्जी संघटनेने असे ठरविले की, ‘अतिसंवेदनशीलता’ हे व्यापक नाव असावे आणि प्रतिकारयंत्रणेचा संबंध सिद्ध असेल तेथेच ‘ॲलर्जी’ म्हणावे. हिंदीत ‘प्रत्यूर्जता’ असा प्रतिशब्द घडविण्यात आला. तो बोलीत उतरला नाही, आणि मराठीतही आईच्या तोंडी ‘ॲलर्जी’ हाच शब्द आला. त्यात वाईट काही नाही. चिंतेची बाब ही की, तो येताना ‘मानवणे’, ‘सोसणे’, ‘बाधणे’ आणि ‘वावडे’ या चारही शब्दांच्या जागा बळकावीत आहे. नवा शब्द आला, पण भेद वाढण्याऐवजी कमी झाले.

८

या इतिहासातून निघणारा निष्कर्ष असा आहे की, अर्भकाच्या अन्नविकाराचे नाव हे चौकशीच्या शेवटी यावयास हवे, आरंभी नव्हे. आईने ‘ॲलर्जी आहे’ असे सांगण्यापेक्षा चार गोष्टी सांगणे अधिक मोलाचे असते : काय दिले, किती वेळाने त्रास झाला, अंगावर, पोटात, श्वासात वा वजनात नेमके काय दिसले, आणि ते अन्न पूर्वी दिले असता तसेच झाले होते का. मिनिटे, तास, आठवडे ही काळाची मोजणीच वर सांगितलेल्या विकारांस पुष्कळ अंशी एकमेकांपासून वेगळे करते. त्रास ओठ सुजणे, श्वास अडखळणे किंवा मूल एकाएकी निस्तेज व शिथिल पडणे या प्रकारचा असेल, तर मात्र चौकशीस वेळ नसतो. मुलास तत्काळ रुग्णालयात न्यावयाचे आणि ते अन्न घरी पुन्हा देऊन पाहावयाचे नाही.

आपल्या भाषेपुरते बोलावयाचे तर जुने शब्द टाकून देण्याचे कारण नाही. शर्करेच्या बाबतीत ‘पचत नाही’ म्हणावे, प्रतिकारयंत्रणेचा संबंध ठरल्यावर ‘ॲलर्जी’ किंवा ‘वावडे’ म्हणावे, आणि कारण ठरेपर्यंत ‘मानवत नाही’ म्हणावे. या शेवटच्या प्रयोगाचा गुण हा की, तो आपल्याला ठाऊक आहे तेवढेच सांगतो. जी यांची मुले भाजलेल्या पावावर खंगली आणि हास यांची मुले बरी होऊनही पुन्हा आजारी पडली, कारण ठाऊक असल्यापेक्षा अधिक सांगणारे शब्द तेथे वापरले गेले. न बोलणाऱ्या रोग्याच्या वतीने बोलणाऱ्याने शब्द जपून वापरावेत, ही अपेक्षा आईपासून अध्यापकापर्यंत सर्वांकडून सारखीच आहे.